गोड चाली आणि कर्कश गिटारी: ‘सायकोकँडी’विषयी

‘द जीझस अँड मेरी चेन’ या स्कॉटिश बँडच्या ‘सायकोकँडी’ या पहिल्या अल्बमला चाळीस वर्षे होऊन गेली, तरी त्याच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक एकाच विधानाभोवती फिरते: या मुलांनी साठच्या दशकातल्या गोड पॉप गाण्यांवर गिटारींचा कर्कश गोंगाट ओतला आणि त्यातून काहीतरी नवे निघाले. विधान खोटे नाही, पण त्यातून असा समज होतो की गाणी आधी तयार होती, गोंगाट नंतर वरून आला, आणि तो खरवडून काढला तर खाली स्वच्छ, निरागस गाणे सापडेल. हा अल्बम मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे आणि मला हा समज पटत नाही. गोंगाट हा या रचनेचाच भाग आहे, तो कुठे किती असावा याचा चोख हिशेब तिच्यात आहे, आणि तंबोऱ्याच्या आवाजावर ज्यांचे कान तयार झाले आहेत अशा पुण्यातल्या श्रोत्यांना हा हिशेब कळायला अवघड जाऊ नये, असे मला वाटते.

आधी थोडी पार्श्वभूमी. जिम आणि विल्यम रीड हे दोघे सख्खे भाऊ ग्लासगोजवळच्या ईस्ट किलब्राइडचे. हे गाव १९४७ साली स्कॉटलंडमधले पहिले ‘नवे नगर’ म्हणून जाहीर झाले. ग्लासगोच्या दाटीतून बाहेर काढलेल्या कुटुंबांसाठी आखून बांधलेले रस्ते, घरे आणि कारखाने, असे त्याचे स्वरूप. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वडिलांची कारखान्यातली नोकरी गेली आणि मिळालेल्या पैशांतले ३०० पौंड त्यांनी मुलांना दिले. मुलांनी १९८३ साली त्यातून पोर्टास्टुडिओ, म्हणजे साध्या कॅसेटवर चार ट्रॅक वेगवेगळे भरता येतील असे यंत्र, विकत घेतले. कारखाना बंद पडल्यावर हाती आलेल्या रकमेचे काय होते हे पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात आमच्या पिढीने पाहिलेले आहे. ती फ्लॅटच्या हप्त्यांत जाते, मुलीच्या लग्नात जाते किंवा रिक्षाच्या परमिटमध्ये जाते. बेकार मुलांना गाणी भरण्यासाठी यंत्र घेऊन देणारा बाप आमच्या नात्यागोत्यात तरी मला आठवत नाही.

या यंत्रावर भरलेली टेप फिरत फिरत पुढे या बँडचा ड्रमवादक झालेल्या बॉबी गिलेस्पी याच्या हाती लागली आणि त्याच्यामार्फत ‘क्रिएशन’ ही छोटी रेकॉर्ड कंपनी चालवणाऱ्या अ‍ॅलन मगीपर्यंत पोहोचली. पहिले गाणे ‘अपसाइड डाउन’ १९८४च्या अखेरीस ‘क्रिएशन’ने काढले, त्यानंतर बँड ‘ब्लँको ई नेग्रो’ या लेबलकडे गेला आणि नोव्हेंबर १९८५मध्ये ‘सायकोकँडी’ बाजारात आला. ध्वनिमुद्रण लंडनच्या वुड ग्रीन भागातल्या सदर्न स्टुडिओत झाले. तिथला जॉन लोडर हा ‘क्रॅस’सारख्या पंक, म्हणजे खडबडीत, बंडखोर रॉक वाजवणाऱ्या, बँडांचे काम करणारा, त्यामुळे आवाजाच्या सुया लाल रेषेपलीकडे गेल्या की घाबरून जाणाऱ्यांतला नव्हता. निर्माता म्हणून नाव मात्र बँडचेच आहे. जिम गाणारा, विल्यम गिटारवर, डग्लस हार्ट बेसवर आणि गिलेस्पी ड्रमवर. चौदा गाणी, एकूण वेळ चाळीस मिनिटांच्या आत.

ड्रमवर म्हणताना थोडे थांबायला हवे, कारण या अल्बमचे मर्म मला तिथून उलगडत गेले. गिलेस्पी उभा राहून वाजवी, आणि त्याच्यापुढे असत दोनच ड्रम: एक स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, आणि एक फ्लोअर टॉम, म्हणजे खोल आवाजाचा मोठा ड्रम. सिंबल, म्हणजे झांजेसारख्या थाळ्या, नाहीत. नेहमीच्या रॉक बँडमध्ये ध्वनीचा वरचा, तीक्ष्ण भाग सिंबलच्या झणझणाटाने व्यापलेला असतो. येथे तो भाग मुद्दाम मोकळा ठेवलेला आहे. डग्लस हार्ट बेसवर दोनच तारा ठेवी, म्हणजे खालच्या भागातही गर्दी नाही. मधला भाग जिमच्या आवाजासाठी. आणि वर जो रिकामा मजला उरतो, त्यात विल्यमच्या गिटारीची किंचाळी राहते. माणसाचा कान साधारण २ ते ५ किलोहर्ट्झ या टापूत सर्वांत हळवा असतो आणि ही किंचाळी नेमकी त्या टापूत येऊन बसते, म्हणून ती इतकी बोचते. पण गायकाचा स्वर तिच्याखाली असल्यामुळे तो बुडत नाही. ज्याला सर्रास ‘ओतलेला’ गोंगाट म्हटले जाते, त्याच्यासाठी आधी जागा रिकामी करून ठेवलेली होती, हे यावरून दिसते.

आता फझविषयी, म्हणजे गिटारीच्या मुद्दाम फाडलेल्या, खरखरीत आवाजाविषयी. गिटारच्या तारेतून येणारा विद्युत् संदेश ट्रान्झिस्टरला पेलवेल त्यापेक्षा कितीतरी मोठा करून त्याच्याकडे पाठवला, तर त्या लहरीचे शेंडे आणि तळ कापले जातात. गोलसर लहर चौकोनी होत जाते आणि त्या कापल्या गेलेल्या कडांतून मूळ स्वरात नसलेले किंवा क्षीण असलेले वरचे उपस्वर मोठ्या संख्येने उभे राहतात. ही युक्ती कोणाच्या बुद्धीतून आलेली नाही, ती बिघाडातून आली. १९५८ साली लिंक रे या अमेरिकी गिटारवादकाने आपल्या अँपच्या, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या, स्पीकरला भोके पाडून हवा तसा आवाज मिळवला. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या १९६१ सालच्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी मिक्सिंगच्या टेबलावरील एक वाहिनी बिघडली आणि ग्रेडी मार्टिनने वाजवलेला तुकडा फाटक्या, भुंगा गुणगुणल्यासारख्या आवाजात भरला गेला. लोकांना तो आवडला, आणि १९६२ साली हाच बिघाड पायाने दाबायच्या डबीत बसवून ‘माएस्ट्रो’ नावाने विकायला आला. विल्यम रीडकडे होती ती शिन-एई या जपानी कंपनीची डबी. आवाज अत्यंत खरखरीत, मधला भाग पोकळ आणि वरचा भाग धारदार.

फझचा एक स्वभाव असा की त्याला सरळसोट स्वरसंगतीच चालते. षड्ज आणि पंचम एकत्र छेडले तर आवाज भरदार होतो, पण त्यात गंधार मिसळला, सातवा स्वर घातला, की त्या स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नको ते स्वर निर्माण होऊन सगळ्याचा चिखल होतो. त्यामुळे फझवर गाणे बांधायचे असेल तर चाल साधी ठेवावी लागते, स्वर लांब धरावे लागतात, आणि दोन-तीन कॉर्ड्सवर, म्हणजे एकत्र छेडायच्या स्वरसमूहांवर, भागवावे लागते. ‘सायकोकँडी’तल्या चाली इतक्या सोप्या, लहान मुलालाही गुणगुणता येतील अशा का आहेत, याचे एक कारण साठच्या दशकातल्या मुलींच्या बँडांचे प्रेम हे आहेच, पण दुसरे कारण ही डबी आहे, असे मी ठामपणे म्हणेन. चाल गोंगाटाला शरण गेलेली नाही, तरी तिचा आकार गोंगाटाने ठरवलेला आहे.

फझइतकाच महत्त्वाचा आहे फीडबॅक, आणि तो मी जवळून पाहिला तो माझ्या भाच्यामुळे. त्याचा बँड कर्वेनगरमध्ये एका इमारतीच्या तळघरातली खोली तासावर भाड्याने घेऊन सराव करतो. भिंतींना जुनी कार्पेटे ठोकलेली, एका कोपऱ्यात अँप, दुसऱ्या कोपऱ्यात चहाचे कप, अशा त्या जॅमरूममध्ये त्याने माझ्या गळ्यात त्याची पोकळ अंगाची गिटार अडकवली आणि म्हणाला, “मामा, काही वाजवू नकोस. एकच तार छेड, बोट दाबून धर, आणि अँपकडे तोंड करून उभा राहा.” मी तार छेडली. आवाज नेहमीप्रमाणे मावळायला लागला, आणि मग मावळता मावळता थांबला. स्पीकरचा आवाज गिटारीच्या अंगाला भिडत होता, अंगामुळे तार थरथरत होती, ती थरथर टिपणारा गिटारीवरचा पिकअप ती पुन्हा अँपकडे पाठवत होता आणि फेरा पुरा होत होता. मग मूळ स्वर विरून त्याच्या जागी वरच्या सप्तकातला स्वर बारीक शिटीसारखा उभा राहिला. “आता एक पाऊल मागे ये,” भाचा म्हणाला. मी मागे आलो तसा तो स्वर ढळला आणि दुसराच, आणखी वरचा, बोलू लागला. माझे बोट जिथल्या तिथे होते. बदलले होते ते अँपपासूनचे माझे अंतर. उजवीकडे वळलो तर तिसराच स्वर येई, तारांवर तळहात ठेवला की शांतता. म्हणजे फीडबॅक वाजवणारा गिटारवादक बोटांइतकाच पायांनी वाजवत असतो, आणि तो खोलीही वाजवत असतो, ही गोष्ट वाचून माझ्या डोक्यात कधीच शिरली नसती.

त्या वेळी मला आठवला तो घरचा तंबोरा. बाबांचा तंबोरा मिरजेचा आहे. तारा कितीही नीट जुळवल्या तरी पहिल्यांदा त्यांचा आवाज मिटलेला, लाकडी येतो. मग बाबा घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा घालून तो केसभर पुढे, केसभर मागे सरकवत बसत, आणि एका नेमक्या जागी आवाज एकदम खुले. जवारी लागली म्हणतात ती हीच. घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. थरथरणारी तार त्या उतारावर घासत राहते आणि त्या घासण्यातून उपस्वरांचा झोत निघतो. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी वीणा आणि तंबोरा यांच्या घोडीवर निबंध प्रसिद्ध केला होता. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या उपस्वरांचे निस्पंद (न थरथरणारे) बिंदू असतात ते उपस्वर एरवी ऐकू यायला नकोत, पण या वाद्यांत ते स्पष्ट ऐकू येतात, हे त्यांनी त्यात दाखवले. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार त्याच कुळातला. तो कोणी छेडलेला नसतो, त्याची तार तंबोऱ्याला नसते, तरी तो असतो, आणि किराणा घराण्याच्या गाण्यावर वाढलेल्या पुण्यातल्या घरांत त्याच्याविषयी जवळजवळ देवघरातल्या आदराने बोलले जाते.

येथे ताणायचे तेवढेच ताणावे. तंबोऱ्याची जवारी स्वरांना स्थैर्य देण्यासाठी असते, गायकाने ज्यावर उभे राहायचे ती जमीन तयार करण्यासाठी. विल्यम रीडचा फीडबॅक ती जमीन हलवण्यासाठी आहे. तंबोरा सुरात असतो आणि हा फीडबॅक पुष्कळदा गाण्याच्या सुराला धरून नसतोच. परंतु शुद्ध, गुळगुळीत स्वर म्हणजेच सुरेल स्वर, अशी जी एक कल्पना आपल्याकडे सुगम संगीताच्या स्पर्धांनी रुजवली आहे, तिला आपल्याच घरातले सर्वांत पवित्र मानलेले वाद्य छेद देते. त्याचा आवाज मुद्दाम, सुताचा धागा घालून, घासटलेला केलेला असतो. सवाई गंधर्व महोत्सवात वाद्ये जुळताना मंडपात तो आवाज भरतो तेव्हा कोणी त्याला खरखर म्हणत नाही.

आता खुद्द गाण्यांकडे. पहिले ‘जस्ट लाइक हनी’ सुरू होते ते ‘द रॉनेट्स’ या अमेरिकी मुलींच्या बँडच्या १९६३ सालच्या ‘बी माय बेबी’तल्या ड्रमच्या तुकड्याने. निर्माता फिल स्पेक्टरच्या त्या ध्वनिमुद्रणात हॅल ब्लेनने वाजवलेला तो तुकडा पॉप ऐकणारा कोणीही डोळे मिटून ओळखेल: तीन जड ठोके आणि त्यांच्यामागून एक कडक ठोका. रीड बंधूंनी तो लपवलेला नाही, उलट अल्बमचे दार म्हणून उघडपणे बसवला आहे. या गाण्यात गोंगाट तुलनेने मवाळ आहे. तो एखाद्या दाट, उबदार थरासारखा मागे राहतो, आणि शेवटी एक स्त्रीस्वर येऊन जिमच्या आवाजाला साथ देतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते की या बँडची बदनामी उगाचच झाली आहे. दुसरे ‘द लिव्हिंग एंड’ सुरू होताच तो गैरसमज दूर होतो, आणि तिसऱ्या ‘टेस्ट द फ्लोर’मध्ये तर गिटार गाण्यावर चालून येते.

पण मला सर्वांत शिकवून गेलेली जागा आहे पाचव्या आणि सहाव्या गाण्यांच्या मधली. पाचवे ‘कट डेड’ जवळजवळ निर्मळ आहे. फीडबॅक नाही, किंचाळी नाही; स्वच्छ गिटार, मंद चाल, आणि प्रतिध्वनीत बुडालेला जिमचा कंटाळलेला आवाज. आधीच्या गाण्यांनी कान सोलून काढल्यानंतर ही शांतता इतकी अनपेक्षित असते की श्रोता नकळत पुढे झुकून ऐकू लागतो. आणि तो असा पुढे झुकलेला असतानाच ‘इन अ होल’ त्याच्या तोंडावर येऊन आदळते. गोंगाट नुसता ओतायचा असता तर ‘कट डेड’वरही ओतला गेला असता. त्या गाण्याला काहीही न करण्याचा निर्णय, आणि ते तबकडीच्या पहिल्या बाजूच्या मध्येच ठेवण्याचा निर्णय, हे दोन्ही मला या अल्बममधले सर्वांत धाडसी निर्णय वाटतात. त्यानंतर पहिली बाजू संपते ती ‘टेस्ट ऑफ सिंडी’ने, आणि ते दोन मिनिटेही टिकत नाही. एक कल्पना, एक चाल, एक घाव, संपले.

दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे ‘नेव्हर अंडरस्टँड’ म्हणजे उलट टोक. पहिल्या क्षणापासून किंचाळी सुरू होते आणि ती थांबतच नाही. खाली मात्र समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलीत गावी अशी उल्हसित चाल चाललेली. येथे ऐकण्याची एक रीत सुचवावीशी वाटते. पहिल्या खेपेला किंचाळीकडे दुर्लक्ष करून चाल पकडण्याचा प्रयत्न सगळेच करतात. दुसऱ्या खेपेला चाल सोडून द्यावी आणि फक्त फीडबॅकच्या मागे जावे. तो सरळ रेषेत जात नाही हे लगेच लक्षात येते. तो ओळीच्या शेवटी चढतो, ओळ सुरू झाली की किंचित मागे सरतो, जिथे दुसऱ्या बँडने गिटारचा एकल तुकडा ठेवला असता तिथे मोकळा सुटतो. जॅमरूममधल्या त्या अनुभवानंतर मला येथे एक माणूस अँपसमोर पाऊल पुढे-मागे टाकताना दिसू लागला, आणि मग हा आवाज यंत्राचा वाटेनासा झाला.

गोंगाट आणि मोठा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही याच अल्बमने मला नीट कळवले. पुण्यात, विशेषतः पेठांत राहणाऱ्याला मोठ्या आवाजाचे शिक्षण वेगळे घ्यावे लागत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा २०००च्या नियमांनी घातलेली आहे आणि विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर तिचे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. तो आवाज लांब गेला की ओसरतो, खिडकी लावली की सुसह्य होतो. ‘सायकोकँडी’चे तसे नाही. आवाज अगदी कमी करून, शेजारच्या खोलीत कोणी झोपले असताना लावला, तरी त्याची खरखर तेवढीच खरखरीत राहते, कारण ती लहरीच्या आकारात आहे, उंचीत नाही. उलट कमी आवाजात चाली अधिक स्पष्ट होतात आणि किंचाळी दूरच्या एखाद्या कारखान्यासारखी मागे जाते. मोठ्या आवाजात हा अल्बम हल्ला वाटतो. लहान आवाजात तो दुःखी वाटतो. मला दुसरा अधिक आवडतो.

दुःखाचा विषय निघालाच आहे तर शब्दांविषयी. गाण्यांचे शब्द काव्य म्हणून वाचण्यासारखे नाहीत आणि तसा दावाही कोणी करू नये. मध, गोळ्या, मुली, मोटारसायकल, पडणे, चालणे, अंधार, एवढ्या सामग्रीवर चौदा गाणी उभी आहेत. काळोख आहे तो जिमच्या म्हणण्यात. तो ओरडत नाही. त्याच्या डोक्यावर एवढा कल्लोळ चाललेला असताना तो जवळजवळ कुजबुजतो, जणू आपले कोणी ऐकावे अशी त्याची अपेक्षाच नाही. हाच गोंगाट एखाद्या आरोळ्या ठोकणाऱ्या गायकामागे असता तर ते सरळ पंक झाले असते, आणि पंक तोवर जुने झाले होते.

मैफलींविषयी फार लिहीत नाही. पंधरा-वीस मिनिटे वाजवून, पुष्कळदा प्रेक्षकांकडे पाठ करून, निघून जाण्याची त्यांची पद्धत होती, आणि १५ मार्च १९८५ रोजी नॉर्थ लंडन पॉलिटेक्निकमध्ये त्यावरून दंगल झाली. त्या काळच्या ब्रिटिश संगीत साप्ताहिकांना याचे भांडवल करायला आवडले, मगीलाही आवडले, पण अल्बम ऐकताना त्याचा काही उपयोग होत नाही.

गोंगाट काढला तर काय उरते, याचा प्रयोग आमच्या घरी आपोआपच झाला. मागे एका घरगुती समारंभात भाच्याने साध्या लाकडी गिटारीवर ‘जस्ट लाइक हनी’ म्हटले. माझी आत्या, जिचे ऐकणे नाट्यगीते आणि जुनी भावगीते यांच्यापलीकडे फारसे गेलेले नाही, मांडीवर ठेका धरून बसली होती, गाणे संपल्यावर म्हणाली, “चाल गोड आहे रे. कुठल्या सिनेमातली?” तिचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, कारण २००३च्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या चित्रपटाच्या शेवटी हे गाणे वाजते आणि माझ्या माहितीतल्या बऱ्याच जणांना या बँडचा पत्ता तिथूनच लागला. आत्याची दाद खरी होती. तरी मला स्वतःला ते गाणे त्या दिवशी अपुरे वाटले. गोडवा सगळा होता, आणि तो गोडवा थोड्या वेळाने नकोसा झाला. मूळ ध्वनिमुद्रणात ती चाल फझच्या भिंतीमागून येत असल्यामुळे ती आपल्याला मिळवावी लागते, थोडी झटापट करून. हाती आयती मिळालेली चाल आणि अशी मिळवलेली चाल, स्वर तेच असले तरी, एकसारख्या ऐकू येत नाहीत. भाच्यालाही ते पटलेले दिसले, कारण पुढच्या सरावाला त्याने फझची डबी पुन्हा जोडली. त्याच्या बँडमधल्या ड्रमवाल्याला मात्र सिंबल सोडवत नाहीत, आणि तोवर त्यांचे ‘नेव्हर अंडरस्टँड’ जमणार नाही, असे मी त्याला स्पष्ट सांगितले आहे.

अल्बममध्ये उणे नाही असे नाही. दुसरी बाजू पहिलीइतकी बांधीव नाही. ‘सोइंग सीड्स’ हे ‘जस्ट लाइक हनी’चेच धाकटे भावंड आहे, ठेक्यापासून चालीपर्यंत, आणि थोरले आधीच भेटलेले असल्यामुळे धाकट्याचे कौतुक होत नाही. ‘इनसाइड मी’ मला आजही रेटून नेलेले वाटते. शेवटचे, विल्यमने गायलेले ‘इट्स सो हार्ड’ अल्बमला शेवट देत नाही, फक्त थांबवते. त्या मानाने ‘यू ट्रिप मी अप’ हे पोटात गोळा आणणारे प्रेमगीत आणि त्याच्यानंतरचे संथ ‘समथिंग्ज राँग’ ही जोडी उत्तम आहे. काही सीडी आवृत्त्यांत १९८६चे ‘सम कँडी टॉकिंग’ मध्येच घातलेले आहे. गाणे सुंदर आहे, परंतु ‘टेस्ट ऑफ सिंडी’चा तोडलेला शेवट आणि ‘नेव्हर अंडरस्टँड’ची किंचाळी यांच्यामध्ये जी पाने उलटल्यासारखी पोकळी हवी, ती त्यामुळे बुजते. मूळ चौदा गाण्यांच्या क्रमानेच ऐकावे.

पुढे आयर्लंड-इंग्लंडमधल्या अनेक बँडांनी या वाटेने जाऊन गिटारींचे ढग केले. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’चा १९९१चा ‘लव्हलेस’ हा त्यातला सर्वांत मोठा. तिथे मात्र कडा वितळलेल्या आहेत, गोंगाट अंगावर मायेने पसरतो. ‘सायकोकँडी’च्या कडा शाबूत आहेत, आणि त्या अजून कापतात.

रीड बंधूंनी स्वतः मात्र ही वाट लगेच सोडली. गिलेस्पी १९८६ साली आपल्या ‘प्रायमल स्क्रीम’ या बँडकडे निघून गेला, त्याच्या जागी ड्रम मशीन आले आणि १९८७च्या ‘डार्कलँड्स’मध्ये फीडबॅक जवळजवळ पुसून टाकलेला होता. ‘सायकोकँडी’ ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत एकतिसाव्या क्रमांकापर्यंत गेला होता. ‘डार्कलँड्स’ पाचव्यापर्यंत गेला. गाणी चांगली आहेत, पहिल्यापेक्षा अधिक उदास आहेत, आणि गोंगाटाआड काही झाकायचे नव्हते हे त्यांनी कायमचे सिद्ध केले. आमच्या घरी तोच अधिक वेळा लागतो, कारण घरात आणखी माणसे राहतात. ‘सायकोकँडी’ मी ती सगळी बाहेर गेली की लावतो, खिडक्या बंद करून, आणि आवाज आधी लहान ठेवून.